शुभंकराचे कौतुक कोणाला?

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



क्रीडास्पर्धेचा शुभंकर हा अभ्यासवर्गाचा विषय होऊ शकतो काय, असे काहींच्या मनात आले असेल. मला तो होऊ शकतो असे वाटते. एखादे चित्र पाहून समाजातला कोणता वर्ग आनंदतो आणि कोणता गप्प राहतो, यावरून बरेच काही कळते.

१९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. अप्पू हे हत्तीचे पिल्लू त्यांचा शुभंकर होते. देशाने त्याच्यावर मनापासून प्रेम केले. १९८४ साली दिल्लीत त्याच्या नावाने ‘अप्पू घर’ उघडले. आपल्याकडे तर एस.टी.च्या निमआराम गाडीलाही लोकांनी ‘एशियाड’ हेच नाव देऊन टाकले. या प्रेमात खोटे काही नव्हते, आणि लहान मुलांच्या आनंदाकडे पाहून नाक मुरडणे म्हणजे समाजवाद नव्हे. परंतु त्याच वर्षी, त्याच स्पर्धांची बांधकामे करणाऱ्या मजुरांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे होते. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार आपल्या दलालीपोटी कापून घेई, आणि मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये पडत. स्त्रियांना त्याहूनही कमी मिळत. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही वेठबिगारीच होय, असा निकाल न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने १८ सप्टेंबर १९८२ रोजी दिला. स्पर्धा सुरू व्हायला तेव्हा दोन महिने अवकाश होता. अप्पू घराघरात पोचला. हा निकाल मात्र ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंतही धड पोचला नाही.

पुढे हत्तीची जागा वाघाने घेतली. २००८ साली पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा ‘जिगर’ आला. २०१० साली दिल्लीत ‘शेरा’ आला. दोघेही हसरे, दोन पायांवर चालणारे, खेळाडूचा पोशाख घातलेले. शेराचे कौतुक फार टिकले नाही. गैरव्यवहाराच्या बातम्या आधीच येत होत्या, त्यात स्पर्धेच्या तोंडावर मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, आणि लोकांच्या कौतुकाची जागा थट्टेने घेतली.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. पांढरकवडा आणि राळेगाव भागात वाघ दोन पायांवर चालत नाही. टी-१ या वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू नोंदले गेले. शेतात राबणारी, गुरे राखणारी अशी ही माणसे होती. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. शहरांतून निषेध झाला, मेणबत्त्या पेटल्या. इकडे गावांत पेढे वाटले गेले. गोळी घालण्याची पद्धत नियमाला धरून होती काय, हा शहरांतून विचारला गेलेला प्रश्न रास्तच होता. पण कपाशी वेचणीला आलेली असताना रानात पाऊल टाकायला भिणाऱ्या बाईला क्रूर ठरवण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरांचे. तेथील वाघ बाहेर पडणारच, आणि बाहेर लगेच माणसाचे शेत लागते. वनखात्याने त्या वाघिणीला क्रमांक दिला, प्राणिप्रेमींनी ‘अवनी’ हे गोड नाव दिले. त्या तेरा मृतांची नावे या खोलीत तरी किती जणांना सांगता येतील?

वाघावर माझा राग नाही. पण चित्रातल्या वाघाचे कौतुक ज्याला परवडते त्याला खऱ्या वाघाची किंमत मोजावी लागत नाही, आणि ती मोजणाऱ्याला शुभंकराविषयी त्याचे मत कोणी विचारत नाही. १९८८ साली सोल ऑलिंपिकचा शुभंकर, होडोरी, हाही वाघच होता. दक्षिण कोरियाच्या जंगलांतून वाघ केव्हाच नाहीसा झालेला होता. एका अर्थी त्यांचे काम सोपे होते!

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला व्हावयाच्या आहेत. त्यांचाही शुभंकर येईल, टाळ्या पडतील. त्या टाळ्यांवर टीका करण्यात आपण वेळ दवडू नये. बांधकामासाठी मुकादम माणसे गोळा करीत फिरतील, तेव्हा कोणत्या गावातून कोण गेले, रोज किती ठरला, उचल किती दिली, याची वही प्रत्येक तालुक्यात ठेवावी. आणि १९८२ च्या त्या निकालाचा सोप्या मराठीतला सारांश आपल्याजवळ हवा. मजूर गाडीत बसण्यापूर्वी तो त्याला वाचून दाखवता येईल.