पाळवणकर बाळू आपलाच
(मीरा रोड इथल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण)



भाईंदरहून चालत येताना मैदान लागलं. पोरं टेनिस बॉलनं खेळत होती. मनात आलं, यातल्या एकाला तरी पाळवणकर बाळू ठाऊक असेल का? आणि आपल्याला?

अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांवरून नाव घेऊन १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. तिथले काळे आपल्याला भाऊबंद वाटतात. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन गोऱ्यांच्या बेसबॉलमध्ये घुसला, हे आपण छाती फुगवून सांगतो. बाळू त्याच्या कितीतरी आधी घुसला होता.

जात चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी बघायचा, नेट लावायचा. साहेबांना तासन्‌तास बॉल टाकायचा. बॅट मात्र कुणी हातात दिली नाही. तिथंच त्याची डावखुरी फिरकी घडली. मग गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतलं. बामणांत त्यावरूनही वाद! त्यानं टाकलेला बॉल सगळे हातात घ्यायचे, पण चहा त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं पान. म्हणजे विटाळ बॉलला लागत नव्हता, कपबशीला लागत होता. ‘लगान’मधल्या कचऱ्याचा बॉल लुळ्या हातामुळं वळतो. बाळूचा बॉल राबून वळला. असला फरक सिनेमावाल्यांना दिसत नाही.

१९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. तरी हिंदूंचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. १९२० साली कप्तानपदावरूनच त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध करून संघाबाहेर पडले. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला.

हे झालं सवर्णांचं. आता आपलं बोलू. १९३७ साली काँग्रेसनं बाळूला मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. तो पडला. पडायलाच हवा होता. मी असतो तर मत बाबासाहेबांनाच दिलं असतं. पण त्या एका निवडणुकीपायी आपण त्याचं नावच टाकलं. रामचंद्र गुहांनी लिहिलंय, इंग्लंडहून परतल्यावर आपल्या लोकांनी बाळूचा सत्कार केला, त्या मानपत्रामागे तरुण भीमराव आंबेडकर होते. बाबासाहेबांना जो मोठा वाटला, तो आपल्याला का चालू नये?

माझ्या पुतण्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, मग आपल्या विहारात याचा फोटो का नाही?" मी गप्प.

१४ एप्रिलच्या क्रिकेट स्पर्धेची पावतीपुस्तकं अजून छापायची आहेत. चषकाच्या नावाची जागा कोरी आहे.