विरजण आणि शिदोरी

दही लावावयाचे तर विरजण हवे, आणि विरजण म्हणजे तरी कालचे दहीच. मग जगातले पहिले दही कशाने लागले, असा प्रश्न घरोघरी थट्टेने विचारला जातो. संगणकशास्त्रात मात्र तो गंभीरपणे विचारावा लागला आहे.

माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी जी आज्ञावली, तिला कंपायलर म्हणतात. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. पुढे रिची यांनी सी ही भाषा सिद्ध केली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा त्याच भाषेत पुन्हा लिहिला गेला. सी भाषेचा कंपायलरही सी भाषेतच लिहिलेला. म्हणजे नवा कंपायलर घडविण्यास जुना हाताशी असावा लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसृत केलेला जीसीसी हा कंपायलर तीन फेऱ्यांत बांधण्याची प्रथा आहे. जुन्याने पहिला घडवावा, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा. आणि दुसरा व तिसरा तंतोतंत जुळले, तरच काम साधले असे मानावे.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो तो शिदोरीचा. नेहमी लागणारी कामे करणाऱ्या आज्ञांचा संग्रह, ज्याला लायब्ररी म्हणतात, तो बहुधा सर्वांत मिळून एकच ठेवलेला असतो. अन्नछत्रात जेवावे तशी प्रत्येक आज्ञावली ऐनवेळी त्यावर विसंबते. यात जागा वाचते, आणि लायब्ररीतील दोष एकदा दुरुस्त केला की सर्वांचे काम भागते. परंतु अन्नछत्रच बंद पडले तर? सामायिक सी लायब्ररी बिघडली की फाइल हलविण्याची साधी आज्ञाही चालत नाही, आणि दुरुस्तीसाठी लागणारा कंपायलरही उठत नाही. म्हणून काही जाणते लोक कंपायलर, असेंब्लर व लिंकर हा सारा हत्यारांचा संच स्थिर जोडणीने बांधतात. म्हणजे प्रत्येक हत्यार आपली शिदोरी आपल्याच पदरी बांधून निघते. फ्रीबीएसडी या युनिक्सवंशीय प्रणालीत संकटकाळासाठी अशा स्वयंपूर्ण साधनांची ‘रेस्क्यू’ नावाची वेगळी निर्देशिकाच राखलेली असते.

हे काम वाटते तितके सरळ नाही. जीसीसीला गणिताच्या जीएमपी, एमपीएफआर व एमपीसी या तीन लायब्रऱ्या लागतात; त्याही स्थिर रूपात आधी सिद्ध कराव्या लागतात. लिंकरला दोन्ही रूपे आढळली, तर स्पष्ट आज्ञेवाचून तो सामायिक रूपच उचलतो. शिवाय जीएनयूची सी लायब्ररी स्थिर जोडली, तरी वापरकर्त्यांची व यंत्रांची नावे शोधताना ती सामायिक भागांकडे हात पसरते. त्यामुळे पुष्कळजण २०११ साली प्रसिद्ध झालेली ‘मसल’ ही आटोपशीर लायब्ररी पसंत करतात. अर्थात शिदोरीचे ओझे होते आणि लायब्ररीत दोष सापडला, तर प्रत्येक हत्यार नव्याने जोडावे लागते.

एवढे करूनही विरजणाचा प्रश्न उरतोच. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात थॉम्प्सन यांनी दाखवून दिले, की कंपायलरच्या यंत्ररूपात दडविलेला कपटी भाग मूळ लेखनात कोठेही न दिसता पिढ्यान्‌पिढ्या उतरू शकतो. तीन फेऱ्यांची तुलनाही तेथे निरुपयोगी ठरते. कारण दुसरा व तिसरा दोघेही सारखेच नासलेले असतात! यावर उपाय म्हणून ग्विक्स प्रकल्पाने २०२३ साली केवळ ३५७ बाइटांच्या, माणसाला तपासता येईल अशा बीजापासून जीसीसीपर्यंतची वाट पायरीपायरीने बांधून काढली. देखरेखीची साधने व खालचा कर्नेल मात्र तेव्हाही उसनाच होता.

स्वावलंबनाला अशा मर्यादा असतात. शिदोरी आपली असली, तरी तिच्यातील दह्याला विरजण कोणाच्या घरचे लागले, याची चौकशी शहाण्याने करावीच.