नाव सांगायला भिऊ नका, नाव विचारायलाही भिऊ नका
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कांद्याकापसाच्या भावावर बोलणार नाही. एका साध्या प्रश्नावर बोलू. मोर्चाला निघालेला ट्रॅक्टर नाक्यावर अडवला जातो. हवालदार विचारतो, "नाव काय रे? गाव कुठलं?" बाजार समितीत अडत्याशी तासभर भांडणारा आपला गडी खाली मान घालतो. कुणी खोटं नाव सांगतो, कुणी पळतो, कुणी गप्प बसतो. गुन्हा काहीच नसतो, पण चेहरा चोराचा होतो.

याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. आपलं नाव सरकारी कागदावर चढलं ते वसुलीसाठी, नाहीतर जप्तीसाठी. म्हणून नाव लपवायची सवय लागली. ही सवय आता मोडायची आहे, कारण तिचा फायदा आपल्याला नाही, दांडगाई करणाऱ्यालाच होतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. रस्त्यानं चालणाऱ्या नागरिकानं ओळखपत्र खिशात बाळगलंच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा या देशात नाही. आधार कार्ड घरी राहिलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. गणवेशातल्या पोलिसानं मागितला तर वाहन परवाना दाखवावाच लागतो.

पण एक कलम नीट लक्षात ठेवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ४२ वं होतं. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते ३९ वं आहे. पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा घडला, किंवा तसा आरोप असला, आणि माणसानं नावपत्ता सांगायला नकार दिला किंवा तो खोटा वाटला, तर नावपत्ता कळेपर्यंत त्याला अटक करता येते. म्हणजे ज्या किरकोळ गुन्ह्यात एरवी वॉरंटाशिवाय अटक होत नाही, तिथं आपण नुसत्या गप्प बसण्यानं अटक ओढवून घेतो! खरा नावपत्ता कळला की हजर राहण्याच्या हमीवर सोडलं पाहिजे. २४ तासांत कळला नाही तर जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं.

तेव्हा नाव, गाव खरं सांगा. मात्र नाव सांगणं म्हणजे सगळंच सांगणं नव्हे. तपासात विचारलं तर खरं सांगावं लागतं, पण ज्या उत्तरानं आपल्यावरच गुन्हा येईल ते देण्याची सक्ती नाही. तपासातल्या जबाबावर आपली सही घेता येत नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नका.

आता दुसरी बाजू. अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव त्याच्या अंगावर स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा कागद तिथंच झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि आपली सही हवी. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली डी. के. बसू खटल्यात यातल्या बऱ्याच गोष्टी घालून दिल्या, पुढे त्या कायद्यात आल्या. मायबहिणींनो, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची तर कारण अपवादात्मक हवं, मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी आणि अटक करणारी महिला पोलीस हवी. साक्षीदार म्हणून बाईला, १५ वर्षांच्या आतल्या मुलाला किंवा साठीपुढच्या माणसाला चौकशीसाठी ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यावं.

एक सावधगिरी सांगतो. पोलिसांचा कायदेशीर आदेश धुडकावला तर नव्या संहितेच्या १७२ व्या कलमाखाली ताब्यात घेता येतं. म्हणून हुज्जत नको, धक्काबुक्की तर मुळीच नको. नाव सांगा आणि शांतपणे विचारा, "साहेब, आपलं नाव काय? कोणत्या कलमाखाली नेताय?"

१९१७ साली चंपारणात निळीच्या शेतकऱ्यांचे जबाब गांधीजींनी लिहून घेतले, तेव्हा गुप्त पोलिसांचा अधिकारी समोर बसलेला असे. त्याच्यादेखत शेतकरी आपलं गाऱ्हाणं सांगत गेले आणि त्यांची भीती निघून गेली. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे.

कायद्यात लिहिलं म्हणजे नाक्यावर तसंच घडेल, अशा भ्रमात आम्ही नाही. म्हणून गावी गेल्यावर एक काम करा. मोर्चाला निघताना प्रत्येक ट्रॅक्टरमधल्या माणसांची यादी करा, एक प्रत गावात ठेवा. वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या खिशात असू द्या. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कुणाला नेलं तर वेळ, ठिकाण आणि नेणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

ज्याचं नाव कुठंच लिहिलेलं नाही, त्याला रात्रभर कुठंही बसवून ठेवता येतं. ज्याचं नाव यादीत आहे, त्याच्या मागं गाव उभं राहतं.