ठावठिकाणा

पत्रलेखनाचा धडा आपण सर्वांनीच शाळेत गिरवलेला आहे. मजकूर कितीही सुरेख असो, पाकिटावरचा पत्ता चुकला की सारे श्रम वाया गेले, असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. परंतु पत्ता ही केवळ पत्रापुरती बाब नसून त्यावर एखाद्या घरची चूल अवलंबून असू शकते, हे मात्र मला माझ्या एका माजी विद्यार्थिनीने शिकविले. तीच हकीकत आज आपल्यापुढे ठेवावी, असा विचार आहे.

डिचोली तालुक्यातील पाळी हा खनिजाच्या पट्ट्यातील गाव. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या, मध्यंतरी पुन्हा काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या. ट्रकांच्या फेऱ्यांवर जगणाऱ्या कितीतरी घरांना दुसरी वाट शोधावी लागली. या बाईच्या यजमानांचा ट्रकही अंगणात उभा राहिला. तेव्हा तिने घरच्या घरी फणसाची साटे, आमसुले आणि भाजलेले काजूगर करून विकावयास आरंभ केला. माल असा की, एकदा नेणारा पुन्हा मागणी करी. परंतु फोंड्याहून किंवा म्हापशाहून निघालेले नवे गिऱ्हाईक तिच्या दारापर्यंत पोचेल तर शपथ! हल्लीचा प्रवासी वाटेत कोणाला विचारीत नाही. तो हातातल्या फोनमधील नकाशाला विचारतो, आणि त्या नकाशात तिचे घर नव्हते.

एके संध्याकाळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, नाव घालायला तुम्ही बसा. माझे इंग्रजी कच्चे.” आम्ही बसलो आणि पहिल्याच पावलाला ठेचकाळलो. आमच्या गावांची नावे पोर्तुगीज राजवटीत रोमी लिपीत बसविली गेली, आणि तो पोशाख पुढेही अंगावर राहिला. डिचोली, साखळी, पेडणे ही नावे रोमी लिपीत वाचताना परका मनुष्य गोंधळतो. पाळीचे तर असे की, ते नाव इंग्रजी जाणणारा ‘पेल’, म्हणजे फिकट, असेही वाचील! शिवाय याच अक्षरांची गावे गोव्यात अन्यत्रही आहेत. एक तिसवाडीत शिरदोनच्या जोडीला, दुसरे मुरगाव तालुक्यात वेळसावच्या शेजारी. रायगड जिल्ह्यातील बल्लाळेश्वराची पाली वेगळीच. आम्ही घाईने गाव आणि राज्य एवढेच लिहिले आणि खूण तपासली नाही. परिणामी आमचे काजूगर समुद्रकाठच्या गावी जाऊन बसले. दोष सर्वस्वी आमचा होता.

तेवढ्यात एका हितचिंतकाने तिला सल्ला दिला, “पणजीतल्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता दे, काम लवकर होईल.” तिला मोह पडला, हे मी लपवीत नाही. घरात दोन मुले शिकत होती. मी तिला एवढेच म्हटले, “पणजीला गिऱ्हाईक गेले, तर तेथे तू असशील काय?” ती गप्प झाली. पुढे नियम वाचले तेव्हा कळले की, जेथे आपण प्रत्यक्ष धंदा करीत नाही तेथील पत्ता किंवा नुसती टपालपेटी गूगलच्या नकाशाला चालत नाही. खोटेपणा उघडकीस आला तर नोंदच जाते.

ही कडक तपासणी कशासाठी, असे कोणी विचारील. खोटी दुकाने मांडून लोकांना फसविणारे पुष्कळ आहेत, हे त्याचे उत्तर. म्हणून तीन प्रश्न विचारले जातात. ही जागा खरोखर आहे काय? तेथे हा धंदा चालतो काय? आणि नोंद करणारा त्याचा धनी किंवा अधिकृत माणूस आहे काय?

पहिल्या प्रश्नाला आपल्या देशाने दिलेले एक उत्तर आपण रोज लिहितो. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतच्या मराठी पंडिताने टपालखात्यात असताना आखलेली पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. गोव्याचे सारे अंक ४०३ ने आरंभतात. शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपालघर दाखवितात. परंतु एका टपालघराखाली अनेक वाडे येतात; दारापर्यंतची वाट पोस्टमनच्या डोक्यात असते. आता मे २०२५ पासून टपालखात्याने ‘डिजिपिन’ दिला आहे. दहा अक्षरांकांच्या या खुणेने सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा चौकोन ओळखता येतो. तथापि, चौकोन सापडला म्हणून त्यात कोण काय करतो हे कळत नाही. उरलेले दोन प्रश्न शिल्लक राहतातच.

त्यांसाठी पूर्वी बहुधा कार्डावर एक गुप्त अंक टपालाने येई. आता बहुतेकदा फोनवर चित्रफीत मागतात. ती एकसलग हवी, तोडजोड चालत नाही. तिने काय केले ते ऐका. वाड्याच्या तोंडाशी असलेल्या फलकापासून तिने चालावयास आरंभ केला. वाटेतला खुरीस, वळण, मग स्वतःच्या नावाची पाटी दाखविली. किल्लीने कोठीचे दार उघडले. आत साटांचे सूप, वजनकाटा, बांधलेल्या पुड्या आणि अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा कागद. दीड मिनिटात तिन्ही प्रश्नांची उत्तरे झाली. कोणाही माणसाचा चेहरा किंवा बँकेचा आकडा तिने त्यात येऊ दिला नाही.

दोन सूचना भगिनींसाठी. ज्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करतात, त्यांनी घरचा पत्ता जगाला दाखविण्याचे कारण नाही. तो झाकून केवळ कामाचा परिसर दाखविण्याची सोय आहे. दुसरे, ही नोंद विनामूल्य आहे. पैसे किंवा गुप्त अंक मागणारा फोन आला, तर तो खाली ठेवावा.

काही दिवसांनी नोंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात एक अनोळखी कुटुंब कोणालाही न विचारता तिच्या अंगणात उतरले. ती मला म्हणाली, “सर, त्यांनी माझे नाव घेऊन हाक मारली.” तिच्या स्वरात जो आनंद होता तो विक्रीचा नव्हता.

असो. हे एकटीदुकटीचे काम नव्हे. प्रत्येक वाड्याच्या तोंडाशी फलक, प्रत्येक घरावर ठळक क्रमांक आणि गावाच्या नावाचे एकच लेखन, एवढे पंचायतीने आणि आपण मिळून केले तरी आडवळणाच्या कितीतरी चुली जगाच्या वाटेवर येतील.