परदेशी निघालेल्या लेकीची तयारी

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



लग्न होऊन परदेशी जाणाऱ्या मुलीच्या घरची लगबग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, छोटा कुकर, दोन भारी साड्या. आणि बॅगेचे वजन जास्त होऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा तोलणे. मुलीच्या स्वतःच्या हातात कोणते कागद असणार, हे मात्र कोणी विचारत नाही. ‘जावईबापूंनी सगळे केले आहे’ एवढ्यावर भागते. मी समुपदेशन केंद्रात काम करते. तिकडून परत आलेल्या, परत पाठवलेल्या बायका आमच्याकडे येतात, तेव्हा पहिली अडचण बहुधा हीच असते की तिच्याजवळ कागद नाहीत, पैसे नाहीत. म्हणून आई-वडील आणि मुली सल्ला विचारायला येतील, तेव्हा त्यांना काय सांगायचे ते आज बोलू.

पहिली गोष्ट व्हिसाची. नवऱ्यावर अवलंबून असलेली म्हणून मिळणारा व्हिसा सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या बायकोला एच-४ मिळतो. त्यावर तिला आपोआप नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचे काम ठरावीक टप्प्यावर पोचले असेल, तरच कामाचा परवाना मागता येतो. ही सोयही २०१५ मध्ये आली. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला नोकरी करता येते. म्हणून लग्न ठरतानाच विचारायचे : व्हिसा नेमका कोणता? काम करता येईल का? उद्या लग्न मोडले तर तिथे राहण्याचा हक्क उरेल का? शिकलेली, कमावती मुलगी पुढची काही वर्षे घरात बसणार असेल, तर ते तिला विमानात बसण्याआधी कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. ‘हरवेल, माझ्याकडे दे’ असे म्हणून तो कपाटात जातो आणि किल्ली नवऱ्याकडे किंवा सासूकडे राहते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो अडकवून ठेवायचा अधिकार नवऱ्याला नाही, सासऱ्यालाही नाही. लग्नानंतर त्यावरचे नाव बदललेच पाहिजे असेही नाही. पासपोर्ट, व्हिसा, पदव्या, लग्नाचा दाखला यांच्या प्रती माहेरी ठेवायच्या आणि स्वतःच्या ई-मेलवरही पाठवून ठेवायच्या. त्या ई-मेलचा पासवर्ड फक्त तिलाच माहीत हवा.

तिसरी गोष्ट लग्नाच्या नोंदणीची. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणी कायदा आहे. हॉलमधल्या फोटोंचे आल्बम खूप, पण दाखला नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. मुलगा परत जाण्याआधी नोंदणी झालीच पाहिजे. दाखल्याच्या मूळ प्रती दोन घ्याव्यात, एक तिची. अपोस्टिल करार मानणाऱ्या देशात जायचे असेल, तर दाखल्यावर आणि पदवीवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा तो शिक्का इथूनच करून न्यावा. तिथे गेल्यावर हे काम फार जड जाते.

चौथी गोष्ट पैशाची. स्त्रीधन हे बाईचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितले आहे. तेव्हा दागिन्यांची यादी, पावत्या, फोटो करून सगळे सोने तिच्या एकटीच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवावे. इथले बँक खाते बंद करू नये. परदेशी राहायला गेल्यावर ते अनिवासी खाते करून घ्यावे लागते, तेवढे करावे. तिकडेही तिच्या नावाचे खाते हवे. परतीच्या तिकिटापुरते पैसे असे ठेवावेत, की कोणाला न विचारता काढता येतील. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या मुखत्यारपत्रावर सही करायची नाही.

पाचवी गोष्ट माणसांची. घराचा पूर्ण पत्ता तिला पाठ हवा. पोलिसांचा नंबर अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२. जवळच्या भारतीय वकिलातीत नाव नोंदवावे. अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून समुदाय कल्याण निधी आहे, तो वकिलातींमार्फत मिळतो. आपल्यासारख्या संघटना तिकडेही आहेत : न्यू जर्सीत ‘मानवी’, न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’, लंडनला ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’. इथे राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी विवाहांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे.

आणखी दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवाव्यात. तिकडच्या कोर्टाचा घटस्फोटाचा कागद आला, की घरचे म्हणतात, ‘संपले सगळे.’ तसे नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात परदेशी निकाल इथे केव्हा मानायचा याच्या अटी घातल्या आहेत. तिला बाजू मांडायची खरी संधीच मिळाली नसेल, तर तो निकाल इथे आव्हान देण्याजोगा असतो. पण म्हणून नोटीस बाजूला टाकायची नाही आणि घाईने सहीही करायची नाही. आधी वकील गाठायचा. दुसरी गोष्ट मुलांची. बापाला न विचारता मुले घेऊन परतलेल्या आईवर त्या देशात मुले पळवल्याचा खटला होऊ शकतो. मुले घेऊन निघण्याआधी तिथल्याच वकिलाचा सल्ला घ्यायला सांगा. मात्र जिवाला धोका असेल तेव्हा आधी घर सोडून सुरक्षित जागी जायचे, बाकीचे मागून.

‘इतके विचारले तर स्थळ हातचे जाईल’, असे आई-वडील म्हणतात. त्यांना सांगा, हे प्रश्न संशयाचे नाहीत. मुलगा सरळ असेल, तर तो स्वतःच कागद पुढे ठेवेल. तीन वेळा विचारूनही व्हिसाचा प्रकार सांगत नसेल, तर थांबण्याची वेळ तीच आहे. आणि हे सगळे आई-वडिलांच्या कानात सांगू नका, मुलीला समोर बसवून सांगा. जायचे तिला आहे. पुढच्या लग्नसराईआधी प्रत्येक गटाने या पाच गोष्टी एका कागदावर लिहून आपापल्या वस्तीत वाटाव्यात, एवढी माझी विनंती आहे.