कांद्याचा भाव

लासलगावच्या बाजारात आवक थोडी घटताच कांद्याचा भाव अवाच्या सवा चढतो, याचा दोष व्यापाऱ्यांच्या साठेबाजीला देण्याची आपली सवय सर्वस्वी निराधार नसली, तरी या चढाचे मर्म गृहिणीच्या स्वयंपाकघरात आहे. फोडणीला कांद्याऐवजी घालावे असे दुसरे काही तिच्याजवळ नसल्याने, हात आखडून का होईना, ती महाग कांदाही घेतेच. या अलवचीक मागणीपायीच, अमाप पीक आले असता भाव पीकवाढीच्या प्रमाणाहून अधिक कोसळून शेतकऱ्याचे एकूण उत्पन्न घटते. त्यातून लागवडीचा अदमास तो बहुधा गतहंगामाच्या भावावरून बांधतो. तो भाव चढा असताना सर्वांनीच तसा बांधला की पुढील हंगामात बाजार समितीचे आवार भरून वाहते, आणि ज्याचा उन्हाळी कांदा साठवणीच्या चाळीत टिकतो तोच काय तो बऱ्या भावासाठी दिवाळीच्या सुमारापर्यंत थांबू शकतो.