दोष कोणाचा? : बुरशी, माणूस आणि रोग



व्याख्यानाचा विषय बुरशी असल्याचे आम्ही कळवले, तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांना वाटले असावे की, युनियनचा माणूस बोनसवर नाहीतर महागाईभत्त्यावर बोलणार. शंका रास्त होती. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात, आणि जाणकारांना प्रश्न विचारून विचारून. पण या विषयाकडे आम्हाला ढकलले ते एका कामगाराने, म्हणून आधी त्याची हकीगत.

2021 च्या उन्हाळ्यात आमच्या संघटनेतला एक यंत्रचालक कोविडमधून उठून घरी आला. थोड्याच दिवसांत गाल बधिर झाला, डोळा सुजला. निदान झाले म्युकरमायकोसिसचे, म्हणजे आपण ज्याला काळी बुरशी म्हणू लागलो त्याचे. जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "दादा, सगळे म्हणतात साखर वाढली होती, तू लक्ष दिलं नाहीस. माझंच चुकलं का हो?" आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला. उत्तर मात्र देता आले नाही. ते शोधता शोधता आम्ही बुरशीपर्यंत पोहोचलो.

बुरशी आपल्याला परकी नाही. पाव फुगतो तो यीस्टने, आणि यीस्ट ही बुरशीच. पेनिसिलीन मिळाले तेही बुरशीतून. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात. या मंडपात बसल्या बसल्या आपण सर्वांनी ते श्वासातून घेतलेच आहेत. मग आपण सगळे आजारी का पडत नाही?

या प्रश्नात आयुष्य घालवलेले एक संशोधक आहेत, आर्तुरो कासाडेव्हाल. जन्म क्यूबातला, लहानपणी आईवडिलांबरोबर देश सोडून ते अमेरिकेत आले आणि डॉक्टर झाले. न्यूयॉर्कमध्ये एड्सची साथ होती, त्या काळात क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी रुग्णांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणून त्यांना मारत होती. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत आणि मातीत सापडते. पुढे 2001 साली त्यांच्या गटाने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या मुलांचे रक्त तपासले. दोन वर्षांवरील बहुतेक मुलांच्या रक्तात या बुरशीशी गाठ पडल्याची खूण मिळाली, आणि ती मुले तर हसतखेळत होती! तीच बुरशी, तेच शहर. एकाला मरण, दुसऱ्याला पत्ताही नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली. मातीत अमीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. दिसेल ते गिळणे हा त्याचा धंदा. कासाडेव्हाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, क्रिप्टोकॉकस अमीबाने गिळला तरी मरत नाही. उलट आत वाढतो आणि अमीबालाच मारतो. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशीही जंतूंना असेच गिळतात आणि तिथेही ही बुरशी तशीच वागते. म्हणजे ती माणसावर चाल करून आलेली नाही. मातीतल्या शत्रूपासून वाचण्यासाठी जे डावपेच तिने कमावले, तेच आपल्यापाशी तिच्या कामी येतात.

आता मुद्द्याची गोष्ट. 1999 साली कासाडेव्हाल आणि लिझ-ॲन पिरोफ्स्की यांनी मांडले की, रोगकारकपणा हा एकट्या जंतूचा गुण नाही. जंतू आणि शरीर यांच्या गाठभेटीतून जे नुकसान होते, त्याला रोग म्हणावे. शरीराचा प्रतिकार दुबळा असला तर नुकसान जंतू करतो. प्रतिकार बेफाम झाला तर शरीर स्वतःचेच घर जाळते. मधे जो तोल आहे, तिथे माणूस निरोगी राहतो. टाळी एका हाताने वाजत नाही, एवढेच त्यांनी शास्त्राच्या भाषेत सांगितले.

आम्हाला हे वाचून नवल वाटले नाही. कारखान्यात तंटा झाला की मालक म्हणतो, पुढाऱ्यांनी चिथावले. आम्ही म्हणतो, मालक आडमुठा. खरे कारण दोघांच्या संबंधात असते, आणि ते संबंध ज्या परिस्थितीत घडले तिच्यात असते. रोगाचेही तसेच.

आता 2021 कडे पुन्हा पाहू. त्या वर्षी जूनअखेर देशात या रोगाचे 40,000 हून अधिक रुग्ण नोंदले गेले. बुरशी नवी नव्हती. बीजाणू पूर्वीही हवेत होतेच. बदलले होते ते शरीर आणि परिस्थिती. कोविडच्या गंभीर रुग्णांत प्रतिकार बेफाम होत होता, म्हणून स्टेरॉइड दिले जाई, आणि ते योग्यच होते. 2020 साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसले की, रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. पण ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना फायदा झाला नाही. आपल्याकडे मात्र भीतीपोटी गरज नसतानाही आणि जास्त दिवसही ते घेतले गेले. स्टेरॉइडने प्रतिकार दबतो आणि साखर चढते. साखर फार चढून रक्त आम्ल झाले, की बांधलेले लोह सुटे होते आणि या बुरशीला ते आयतेच मिळते. एका टोकाचा अनर्थ टाळताना आपण दुसऱ्या टोकाला गेलो.

औषधाची कथाही अशीच. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीला जवळची. तिला मारणारे औषध आपल्यालाही इजा करते. म्हणून अशी औषधे मोजकीच. ॲम्फोटेरिसिन बी हे त्यांतले प्रमुख, आणि त्याच उन्हाळ्यात त्याचा तुटवडा पडला. नातेवाईक चिठ्ठी घेऊन दुकानोदुकान फिरत होते.

आणखी एक पहारेकरी आहे : आपल्या अंगाची ऊब. 2009 साली कासाडेव्हाल आणि व्हिन्सेंट रॉबर्ट यांनी बुरशींच्या हजारो वाणांची तपासणी मांडली. 30 ते 40 अंशांच्या दरम्यान दर अंशाला सुमारे 6 टक्के वाण वाढेनासे होतात. पण पृथ्वी तापू लागली आणि बुरशी त्या उष्णतेला सरावली तर? त्याच 2009 मध्ये जपानमध्ये कँडिडा ऑरिस ही नवी बुरशी प्रथम वर्णिली गेली; पुढे ती जगभरच्या रुग्णालयांत आढळली. तिच्यामागे तापते हवामान असावे, असा कासाडेव्हाल आणि सहकाऱ्यांचा 2019 सालचा तर्क आहे. तो तर्कच आहे, सिद्ध झालेला नाही. पण झोप उडवणारा आहे.

तर त्या मित्राला आम्ही उशिराने का होईना, उत्तर दिले. "गड्या, चूक तुझ्या एकट्याची नव्हे. साखर तुझी होती, बुरशी हवेतली होती. पण औषध किती दिवस घ्यायचे हे तुला कोणी नीट सांगितले नाही, साखर कोणी रोज मोजली नाही, आणि ज्या पाळ्यांवर तू वीस वर्षे राबलास त्यांत तपासणीला सुट्टी नव्हती." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे माझ्या मुलालाही सांगा, दादा."

आपणही घरी जाऊन एवढे करावे. स्टेरॉइड आपल्या मनाने घेऊ नये. डॉक्टरांनी दिले तर किती दिवस, हे विचारावे आणि साखर मोजत राहावे. गाल बधिर होणे, चेहऱ्याची एकच बाजू दुखणे वा सुजणे, नाकातून काळसर स्राव येणे, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. रुग्णाला वाळीत टाकू नये. आणि आजारी माणसाला "तुझंच चुकलं" असे म्हणण्यापूर्वी, दुसरा हात कोणाचा होता हे जरूर पाहावे.